जपानचे कोशू, सोलापूरचे सोनाका

१/ कोशू ही जपानची हलकी, नाजूक पांढरी वाइन. कोशू हे यामानाशी प्रांताचेच जुने नाव. तेथील हे गुलाबी सालीचे द्राक्ष शतकानुशतके खाण्यासाठीच पिकत होते.

२/ १८७७ मध्ये ताकानो मासानारी आणि त्सुचिया र्‍यूकेन हे तेथील दोन तरुण वाइननिर्मिती शिकण्यास फ्रान्सला गेले. १८७९ मध्ये परतल्यावर त्यांनी गावच्याच द्राक्षाची वाइन केली.

३/ आपल्या सोलापूरची वाट निराळी. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेसमधून लांबट मण्यांचे ‘सोनाका’ निवडले. ते खाण्यासाठी गाजले. अकलूजच्या मोहिते-पाटील कुटुंबाने इटालियन भागीदारांसह फ्रातेल्ली वाइनरी उभारली, तेव्हा मात्र युरोपीय वाणे आणली गेली : शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शार्डोने.

४/ मग कोशू देशी आणि ही वाणे परकी? जनुकीय अभ्यास सांगतो की कोशूचा वंशही बहुतांशी युरोपीय द्राक्षाचा असून त्यात चिनी रानद्राक्षाचा अंश मिसळला आहे. परक्या वेलाला प्रांताचे नाव लाभते ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या निगेमुळे. यामानाशीला त्यासाठी शतके लागली. माळशिरस तालुक्यातील या मळ्यांची अजून पहिलीच पिढी आहे.