विक्रियेची कोटी

रासायनिक विक्रियेचा वेग विक्रियाकारकांच्या संहतींच्या (एकक घनफळातील प्रमाणांच्या) ज्या घातांकांवर अवलंबून असतो, त्यांच्या बेरजेस विक्रियेची कोटी म्हणतात. ही संख्या विक्रियेच्या समीकरणावरून काढता येत नाही. ती प्रयोगानेच ठरवावी लागते. हे ध्यानात येण्यास रसायनशास्त्रज्ञांना बराच काळ लागला.

हायडलबर्ग येथील लूटव्हिख व्हिल्हेल्मी (१८१२–६४) यांनी १८५० मध्ये अम्लाच्या सान्निध्यात इक्षुशर्करेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत होणारे रूपांतर अभ्यासले. इक्षुशर्करेचा विद्राव ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवितो, तर रूपांतर पूर्ण झाल्यावर ते डावीकडे वळते. त्यामुळे विद्रावास धक्का न लावता केवळ कोन मोजून शिल्लक शर्करा कळत असे. कोणत्याही क्षणी शर्करा नष्ट होण्याचा वेग शिल्लक शर्करेच्या प्रमाणात असतो, असे त्यांना आढळले. ही पहिल्या कोटीची विक्रिया होय. तीत निम्मा पदार्थ संपण्यास लागणारा काळ, म्हणजे अर्धायुष्य, प्रारंभी शर्करा कितीही असली तरी तेवढाच राहतो. इतक्या नेटक्या कामाची दखल मात्र सुमारे तीन दशके फारशी कोणी घेतली नाही.

याकोबस व्हांट-हॉफ (१८५२–१९११) यांनी १८८४ मध्ये या विषयास शास्त्रीय बैठक दिली. आर्साइन वायूच्या अपघटनाच्या समीकरणात चार रेणू येतात, पण वेग पहिल्या कोटीचा आढळतो, हे त्यांनी दाखविले.

कोटी ओळखण्यास अर्धायुष्य उपयोगी पडते. प्रारंभिक संहती दुप्पट केली असता अर्धायुष्य शून्य कोटीत दुप्पट होते, पहिल्या कोटीत बदलत नाही व दुसऱ्या कोटीत निम्मे होते. किरणोत्सर्गी ऱ्हास पहिल्या कोटीचा असल्यामुळेच प्रत्येक किरणोत्सर्गी द्रव्यास स्वतःचे ठराविक अर्धायुष्य असते.

माक्स बोडेनश्टाइन (१८७१–१९४२) यांना हायड्रोजन व आयोडीन यांची विक्रिया सरळ दुसऱ्या कोटीची आढळली. ब्रोमीन हे आवर्त सारणीत आयोडिनाच्या लगेच वरचे मूलद्रव्य. तेव्हा तेथेही तसेच घडावे, अशी अपेक्षा होती. परंतु १९०७ च्या सुमारास वेग ब्रोमिनाच्या संहतीच्या वर्गमुळावर अवलंबून असल्याचे दिसले, शिवाय तयार होणारे हायड्रोजन ब्रोमाइड विक्रियेस मंद करीत होते. १९१९–२० मध्ये क्रिस्त्यनसन, हेर्त्सफेल्ट व पोलॅन्यी यांनी स्वतंत्रपणे याचा उलगडा केला : ही अणूंमार्फत चालणारी शृंखला विक्रिया आहे. आयोडिनाची विक्रिया मात्र दोन रेणूंच्या साध्या टकरीचे उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ राहिली. १९६७ मध्ये जे. एच. सलिव्हन यांनी प्रकाशाने आयोडिनाचे अणू निर्माण करून, तीही या अणूंमार्फतच घडते असे दाखविले. वेगाचे सूत्र दोन्ही कल्पनांत एकच येते.