आत्मीयता प्रकल्प, पेठ

नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्याच्या ४१ गावांत २०१३ ते २०१५ या काळात चाललेला सामुदायिक मानसिक आरोग्याचा प्रकल्प. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने तो उभा केला. केंद्राचे संचालक डॉ. सौमित्र पठारे हे मुंबई आणि लंडन येथे शिकलेले मनोविकारतज्ज्ञ. नेदरलँड्समधील त्रिंबोस संस्थेचाही प्रकल्पात सहभाग होता.

पेठ हा गुजरातच्या सीमेला लागून असलेला, आदिवासीबहुल डोंगराळ तालुका. पावसावरची भात-नागली निघाली की अनेक कुटुंबे मजुरीसाठी द्राक्षबागांकडे उतरतात. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. उत्तर महाराष्ट्रात एकही नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून नाशिकमध्ये आहे, हा यातला विरोधाभास.

गावातले बचतगट आणि शेतकरी मंडळे हा प्रकल्पाचा पाया होता. त्यांतून दोन स्तरांवर स्वयंसेवक निवडले गेले. ‘आत्मीयता मित्र’ आपल्या वाडीवस्तीवर कोण खचले आहे, कोण बोलेनासे झाले आहे, यावर लक्ष ठेवीत. त्यांच्या वरच्या स्तरावरचे ‘चॅम्पियन’ अशा माणसाशी चार ते सहा बैठकींत बोलत: आधी नीट ऐकून घेणे, मग अडचण सुटी करून पाहणे, बंद पडलेली रोजची कामे हळूहळू पुन्हा सुरू करायला लावणे. बेकारी, घरातली भांडणे, बाईला होणारी मारहाण आणि दारू या विषयांवरचे छोटे चित्रपट ते स्मार्टफोनवर दाखवीत. सरकारी योजनांचा लाभ मिळवून देणे हा उपचाराचाच भाग मानला होता, आणि तो फार शहाणपणाचा निर्णय म्हणावा लागेल. पैशाच्या विवंचनेतून आलेल्या निराशेवर नुसते समुपदेशन किती पुरणार? आजार गंभीर वाटल्यास रुग्णाला सरकारी आरोग्यसेवेकडे पाठवले जाई.

परदेशात शिकून आलेल्या डॉक्टर, परिचारिका किंवा मानसशास्त्रज्ञाला या पद्धतीत आपली जागा बदलावी लागते. रुग्णासमोर बसणारा तो नसतो. त्याने शिकवायचे, देखरेख करायची आणि अवघड रुग्ण हाती घ्यायचे. तिथल्या दवाखान्यात बसलेल्या सवयी त्यामुळे मोडाव्या लागतात. प्रत्यक्ष उपचार करायचे तर अर्थात नोंदणी हवी: परदेशी पदवीच्या भारतीय डॉक्टरांसाठी २००२ पासून चाळणी परीक्षा आहे, चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. अभ्यासापुरता मार्ग सोपा आहे. इंडियन लॉ सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने २००८ मध्ये पुण्यात मानसिक आरोग्य कायदा व मानवी हक्कांचा आंतरराष्ट्रीय पदविका अभ्यासक्रम सुरू केला; त्यात आरोग्यसेवक, वकील आणि स्वतः मानसिक आजार अनुभवलेले लोक एकत्र शिकतात.

पेठनंतर, २०१७ पासून, आत्मीयता गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात कितीतरी मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सामुदायिक मानसिक आरोग्यसेवांवरील मार्गदर्शिकेत झिम्बाब्वेच्या ‘फ्रेंडशिप बेंच’बरोबर तिचा समावेश आहे, पण तिथे नोंद गुजरातच्या नावावर आहे. स्वयंसेवकांच्या श्रमावर अशी सेवा किती काळ चालवावी, हा प्रश्न मात्र दोन्ही राज्यांत सारखाच लागू आहे.