टपालाने जाणारी उबवणीची अंडी आणि झाशीचा उन्हाळा

नेवाळकरांचे झाशी संस्थान कंपनी सरकारने १८५४ मध्ये खालसा केले आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात हिंदुस्थानभर अंतरानुसार न बदलणारा टपालदर लागू झाला. पत्राची सोय अशी झाली, तरी उबवणीचे अंडे, म्हणजे कोंबड्याच्या संगाने फलित झालेले आणि पिल्लू निघण्याजोगे अंडे, दूर पाठवणे अवघडच होते. कारण पार्सले पुष्कळ ठिकाणी कावडीतून, धावत्या हरकाऱ्याच्या खांद्यावरून जात. १८७७ मध्ये व्ही. पी., म्हणजे माल हाती पडताना पैसे चुकवण्याची पद्धत आली आणि १८८०च्या दशकाअखेर इंडियन मिडलँड रेल्वेने झाशीला जंक्शन केले, तेव्हा कुठे ग्राहक आणि वेळ या दोन्ही अडचणी कमी झाल्या. १८९८च्या टपाल कायद्याने मनाई केली ती घातक किंवा इतर टपालाची नासधूस करतील अशा सजीवांना. अंड्यातला जीव या कलमात बसत नव्हता, मात्र ते फुटले तर शेजारच्या पत्रांची जी गत होईल ती निराळी.

खरा अडसर कायद्याचा नसून उन्हाचा होता. फलित अंड्यातील गर्भ साधारण २१ अंशांखाली सुप्त राहतो आणि उबवणीला ३७.५ अंशांच्या आसपास ऊब लागते. या दोहोंमधल्या उष्णतेत गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि बहुधा दगावतो. झाशीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे अशा प्रदेशात हा व्यवहार शोभे तो थंडीतच. अंडी आठवड्याच्या आत पोहोचावी लागतात, भुशात घट्ट बसवावी लागतात आणि उतरल्यावर रुंद टोक वर करून दिवसभर स्वस्थ ठेवावी लागतात, म्हणजे हादऱ्यांनी हललेली हवेची पोकळी पुन्हा जागेवर येते.

त्यानंतरचे २१ दिवस सांभाळायचे ते गावठी कोंबडीने. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संयुक्त प्रांतातील एटा येथे अमेरिकी प्रेस्बिटेरियन मिशनने खेड्यांतील कुटुंबांसाठी कोंबडीपालन वाढवले, त्यात भर होता पांढऱ्या लेगहॉर्न जातीवर. पण भरपूर अंडी देणारी ही जात क्वचितच खुडूक होते, म्हणजे अंड्यांवर बसण्याची तिची वृत्ती जवळजवळ नाहीशी झालेली असते. परदेशी रक्ताची अंडी रवणीला बसवायला, म्हणजे उबवायला, अंगणातली खुडूक कोंबडीच हवी असे, आणि सुधारित जातींच्या प्रसाराचे श्रेय वाटताना तिला सहसा कोणी मोजत नाही.

अमेरिकेने १९१८ मध्ये एक दिवसाची पिल्लेच टपालाने नेण्यास परवानगी दिली, कारण पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू सुमारे तीन दिवस तग धरते. भारतात यंत्रावर चालणाऱ्या मोठ्या उबवणी केंद्रांचा, अर्थात हॅचरींचा, विस्तार बराच नंतर झाला. पुण्याच्या वेंकटेश्वर हॅचरीज १९७१ च्या. त्यानंतर खोक्यांतून जाऊ लागली ती पिल्ले, आणि उबवणीच्या अंड्यांना टपालाची फारशी गरज उरली नाही.