लायटरची ठिणगी, प्रोबची चकती

दाब पडला की वीज देणे आणि वीज मिळाली की किंचित आकार बदलणे, हा दुहेरी गुण काही स्फटिकांत असतो. पिएर आणि झाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये त्याची पहिली बाजू दाखवली. पहिल्या महायुद्धात पॉल लांजवँ यांनी क्वार्ट्झच्या साह्याने पाणबुड्या शोधण्याचे तंत्र उभारले. क्वार्ट्झ मात्र हव्या त्या आकारात ओतता येत नाही. १९५० च्या दशकातील लेड झिर्कोनेट टायटनेट या सिरॅमिकने ती अडचण मिटवली. शिसे, झिर्कोनियम व टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांची भुकटी दाबून भट्टीत भाजायची आणि मग तीव्र विद्युतक्षेत्रात ठेवायची; ही शेवटची पायरी चुकली तर हाती उरते निव्वळ खापरी.

खानदेशातील चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावी चुलीच्या जागी गॅस आला, तसे हे सिरॅमिक लायटरच्या नळीतून स्वयंपाकघरात शिरले. आतल्या हातोडीचा एक फटका, आणि हजारो व्होल्टची ठिणगी.

खानदेशाच्या समाजजीवनाला अधिक खोलवर भिडली ती सोनोग्राफीच्या प्रोबमधील याच सिरॅमिकची चकती. ध्वनिलहरी सोडणारी तीच, परतलेला प्रतिध्वनी टिपणारीही तीच. गर्भातील व्यंग दाखवणारे हे यंत्र गर्भलिंगनिदानाच्या कामी लावले गेले. महाराष्ट्राने १९८८ मध्ये याविरुद्ध देशातला पहिला कायदा केला; केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरीही चोपडा ज्यात येतो त्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ८८० होती, ती २०११ मध्ये ८४२ वर आली.