ताकद आणि शरीरसौष्ठव: एका फारकतीचा इतिहास

ताकद वाढवणे आणि स्नायूंचा आकार वाढवणे ही आज वजनांच्या व्यायामाची दोन वेगळी उद्दिष्टे मानली जातात. एकोणिसाव्या शतकात हा भेद फारसा कोणी करत नसे. युरोपातले बलवान रंगमंचावर साखळ्या तोडत आणि जड वजने पेलत. महाराष्ट्रातल्या तालमींत जोर, बैठका आणि मुद्गल यांची मेहनत होई ती कुस्तीसाठी. भरदार छाती आणि मांड्या हे त्या मेहनतीचे फळ असले, तरी पैलवानाची पारख आखाड्यातच होई.

फारकतीची सुरुवात युजेन सँडोपासून झाली. १८६७ साली प्रशियात जन्मलेला सँडो १८८९ मध्ये लंडनमध्ये सॅम्सन या बलवानाला हरवून नावारूपाला आला. १८९३ मध्ये तो अमेरिकेत गेला, तेव्हा त्याचा व्यवस्थापक फ्लोरेन्झ झिगफेल्ड याच्या ध्यानात आले की, प्रेक्षकांना उचललेल्या वजनापेक्षा सँडोच्या देहाचेच कुतूहल जास्त आहे. मग देहप्रदर्शन हाच त्याच्या प्रयोगांचा मुख्य भाग झाला. १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. शिल्पकार चार्ल्स लॉज आणि लेखक आर्थर कॉनन डॉइल हे त्याच्यासोबत परीक्षक होते. गुण देताना प्रमाणबद्धता, स्नायूंचा कस, त्वचा आणि आरोग्य पाहिले गेले. नॉटिंगहॅमचा विल्यम मरे विजयी ठरला.

१९०४-०५ मध्ये सँडो भारतात आला. त्याच्या व्यायामपद्धतीचा प्रभाव महाराष्ट्रातही पोहोचला होता. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सुमारे दहा वर्षे सँडोची पद्धत आचरली, पुढे मात्र त्यांनी सूर्यनमस्कारांचा स्वीकार केला आणि आयुष्यभर त्यांचाच प्रसार केला.

दरम्यान ताकदीला खेळाचे रूप आले होते. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये भारोत्तोलनाचा समावेश झाला. तरीही दोन्ही वाटांवर चालणारे खेळाडू बराच काळ दिसत. अमेरिकेचा जॉन ग्रिमेक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये भारोत्तोलक म्हणून उतरला आणि १९४८ मध्ये लंडनला 'मिस्टर युनिव्हर्स' झाला. मात्र १९४६ मध्ये बेन आणि जो वीडर या बंधूंनी शरीरसौष्ठवाचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापला आणि १९६५ मध्ये 'मिस्टर ऑलिंपिया' स्पर्धा सुरू झाली. स्क्वॉट, बेंचप्रेस आणि डेडलिफ्ट या तीन प्रकारांवर आधारलेल्या पॉवरलिफ्टिंगचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९७२ मध्ये आला. स्पर्धा वेगळ्या झाल्या, तसा सरावही वेगळा होत गेला.

वैद्यकशास्त्रात वजनांच्या व्यायामाला स्थान मिळवून दिले ते अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांच्या पायांत बळ आणण्यासाठी त्यांनी क्रमाक्रमाने वाढत जाणारी वजने वापरली आणि १९४५ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. १९४८ पर्यंत त्यांनी दहा-दहा आवृत्त्यांचे तीन संच ही रीत पक्की केली. दहा वेळा उचलता येईल अशा कमाल वजनाच्या पहिल्या संचात निम्मे, दुसऱ्यात पाऊण आणि तिसऱ्यात पूर्ण वजन असे. ही रीत आजही व्यायामशाळांत रुळलेली आहे.

ताकद आणि आकार यांच्या सरावातल्या फरकाचे कारण पुढील संशोधनाने उलगडले. मोरितानी आणि डीव्हरीज या संशोधकांनी १९७९ मध्ये दाखवले की, सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे; मेंदू स्नायूंना अधिक कार्यक्षमतेने कामाला लावायला शिकतो. आकारातली वाढ मागाहून येते. म्हणून ताकदीसाठी कमाल क्षमतेच्या जवळचे वजन, मोजक्या आवृत्त्या आणि मध्ये दीर्घ विश्रांती लागते. आकारासाठी मात्र वजन मध्यम असले तरी चालते, मेहनत थकव्याच्या सीमेपर्यंत न्यावी लागते आणि एकूण संच अधिक करावे लागतात. तरीही दोन्ही सराव एकमेकांना पूरकच आहेत. मोठ्या स्नायूत अधिक बळ निर्माण करण्याची क्षमता असते आणि वाढलेल्या ताकदीमुळे अधिक वजनाने सराव करता येतो.