मानांकनाच्या तराजूत स्पर्धा कार्यक्रम : चेन्नईतील वाहिन्यांचा अनुभव

तामिळ दूरचित्रवाणीवर २०२१ साली दोन भव्य स्पर्धा कार्यक्रम अवघ्या पाच आठवड्यांच्या अंतराने सुरू झाले. ७ ऑगस्ट रोजी सन टीव्हीवर अभिनेते विजय सेतुपती यांच्या सूत्रसंचालनाखाली 'मास्टरशेफ' आला, तर १२ सप्टेंबर रोजी झी तमिळ वाहिनीवर अर्जुन यांनी सादर केलेला 'सर्व्हायव्हर' दाखल झाला. दुसऱ्याचे चित्रीकरण थेट आफ्रिकेतील झांझिबार बेटांवर करण्यात आले होते आणि विजेत्यासाठी एक कोटी रुपयांचे पारितोषिक होते. दोन्ही कार्यक्रम जगभर चाललेल्या स्वरूपांवर बेतलेले, दोन्हींचे सूत्रसंचालक चित्रपटसृष्टीतील मोठे कलावंत. तरीही त्या वाहिन्यांवर दोहोंचे दुसरे पर्व आले नाही. याउलट, विजय टीव्हीवर नोव्हेंबर २०१९ मध्ये फारसा गाजावाजा न होता सुरू झालेला 'कुक्कू विथ कोमाली' हा पाककलेचा विनोदी कार्यक्रम वर्षानुवर्षे चालू राहिला. स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक स्पर्धकाला एका विनोदवीराची जोडी, इतकीच त्याची कल्पना.

हा फरक केवळ प्रेक्षकांच्या आवडीनिवडीचा नाही. मानांकन कसे मोजले जाते आणि ते कोणती वाहिनी वाचते, यावरही कार्यक्रमाचे आयुष्य ठरते.

मोजणी कशाची होते?

देशातील दूरचित्रवाणी प्रेक्षकांची मोजणी एप्रिल २०१५ पासून ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल म्हणजेच 'बार्क' ही संस्था करते. प्रसारक, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था या तिघांच्या संघटनांची ती संयुक्त संस्था आहे. त्यापूर्वी हे काम 'टॅम' करीत असे. त्या काळात ग्रामीण भाग जवळजवळ मोजणीबाहेरच होता. बार्कने ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण आकडेवारी देण्यास प्रारंभ केला. वाहिनीच्या ध्वनीत कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते. निवडक घरांत बसविलेले मापकयंत्र ती ओळखते आणि घरातील व्यक्तींनी आपापले बटण दाबायचे असते. देशभरात अशी घरे पन्नास हजारांहून अधिक आहेत. शनिवार ते शुक्रवार असा मोजणीचा आठवडा धरला जातो.

येथे एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. मानांकन म्हणजे कार्यक्रम 'किती जणांनी पाहिला' याचा आकडा नव्हे. तो प्रत्येक मिनिटाला सरासरी किती जण होते, याचा आकडा असतो. दहा लाख प्रेक्षकांनी दीड तासाचा कार्यक्रम प्रत्येकी पाऊण तास पाहिला, तर सरासरी पाच लाखच भरते. अर्ध्या तासाच्या मालिकेला ही अडचण फारशी येत नाही. शिवाय वाहिनीचे आठवड्याचे स्थान सर्व कार्यक्रमांच्या गुणांच्या बेरजेवर ठरते. सोमवार ते शुक्रवार चालणारी मालिका या बेरजेत पाच वेळा भर घालते; शनिवार-रविवारची स्पर्धा दोनच वेळा. खर्चाचे प्रमाण मात्र बहुधा उलटे असते.

सन आणि विजय : दोन वाहिन्या, दोन गणिते

एप्रिल १९९३ मध्ये सुरू झालेल्या सन टीव्हीचे बळ कौटुंबिक मालिका आणि चित्रपटांच्या प्रचंड संग्रहात आहे. 'मेट्टी ओली', 'कोलंगल' यांसारख्या मालिकांनी तामिळ घरांची संध्याकाळ व्यापून टाकली होती. वितरणाचाही वाटा त्यात होता. १ सप्टेंबर २००३ रोजी चेन्नईत 'कॅस' प्रणाली लागू झाली आणि सशुल्क वाहिन्या पेटीशिवाय दिसेनाशा झाल्या. बहुसंख्य घरांनी पेटी घेतली नाही. मुंबई, दिल्ली व कोलकाता येथील काही भागांत ही व्यवस्था २००६ च्या अखेरीस आली. तोपर्यंत चेन्नईकर तिचे परिणाम तीन वर्षे पाहत होते. जी वाहिनी घरात पोहोचतच नाही तिचे मानांकन घसरणार, हे उघड आहे. मात्र कोष्टकात ती घसरण नावडतेपणासारखीच दिसते.

विजय टीव्हीची स्थिती निराळी होती. उद्योगपती विजय मल्ल्या यांच्या मालकीच्या काळात तिला हे नाव मिळाले आणि २००१ मध्ये ती स्टार समूहाकडे आली. मालिकांच्या मैदानात सनला गाठणे कठीण असल्याने तिने दुसरी वाट धरली. २००५ मध्ये 'कलक्का पोवदु यारु' ही विनोदवीरांची स्पर्धा, २००६ मध्ये 'जोडी नंबर वन' आणि 'सुपर सिंगर' असे कार्यक्रम लागोपाठ आले. सप्टेंबर २००७ मध्ये स्थापन झालेल्या कलैग्नर टीव्हीनेही 'मानाड मयिलाड' या नृत्यस्पर्धेवर भिस्त ठेवली. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये कलर्स तमिळने पदार्पण केले तेही अभिनेते आर्या यांच्यासाठी वधू शोधणाऱ्या कार्यक्रमाने. अखेरीस आर्या यांनी कोणाचीच निवड केली नाही, हा भाग अलाहिदा. नव्या किंवा मागे असलेल्या वाहिनीला स्पर्धा कार्यक्रम लागतो तो ओळख निर्माण करण्यासाठी. अग्रस्थानी असलेल्या वाहिनीच्या दृष्टीने त्याच वेळेत चित्रपट दाखविणे अधिक स्वस्त आणि सुरक्षित ठरू शकते.

विजय टीव्हीला आणखी एक लाभ झाला, जो कोणत्याही मानांकनात दिसत नाही. विनोदवीरांची स्पर्धा जिंकलेले शिवकार्तिकेयन त्याच वाहिनीचे निवेदक झाले आणि नंतर चित्रपटांतील आघाडीचे नायक. 'सुपर सिंगर'च्या सातव्या पर्वातील गायिका शिवांगी 'कुक्कू विथ कोमाली'मध्ये विनोदी कलाकार म्हणून गाजल्या. एका कार्यक्रमाचे स्पर्धक दुसऱ्या कार्यक्रमाचे कलाकार होतात. प्रेक्षक त्यांना आधीच ओळखत असतात. यासाठी बाहेरून मोठे नाव आणावे लागत नाही. मानांकन थोडे घसरले तरी असा कार्यक्रम लगेच बंद होत नाही, त्याचे एक कारण हे असावे. दुसरे कारण प्रायोजक. 'सुपर सिंगर'च्या आधी कित्येक वर्षे एअरटेलचे नाव जोडलेले होते.

मत वेगळे, मानांकन वेगळे

२५ जून २०१७ रोजी कमल हासन यांच्या सूत्रसंचालनाखाली विजय टीव्हीवर 'बिग बॉस तमिळ' सुरू झाला. त्याचे घर चेन्नईच्या वेशीवर चेंबरमबाक्कम परिसरातील ईव्हीपी फिल्म सिटीत उभारण्यात आले. पहिल्या पर्वात सर्वाधिक लोकप्रिय ठरलेल्या ओविया यांनी ऑगस्टमध्येच घर सोडले. कार्यक्रम मात्र ३० सप्टेंबरपर्यंत चालला. प्रेक्षक गुगलवरून आणि मिस्ड कॉल देऊन मतदान करीत असत. ही मते कितीही असली तरी मानांकनात त्यांची नोंद होत नाही. घरात मापकयंत्र नसलेल्या व्यक्तीचे मत स्पर्धकाला वाचवू शकते, कार्यक्रमाला नाही. ज्याच्या घरी यंत्र आहे, त्याने मत न देता केवळ दूरचित्रवाणी संच सुरू ठेवला, तरी तो मोजला जातो.

बारा-पंधरा माणसांना महिनोन्महिने कोंडून ठेवणाऱ्या या स्वरूपात थांबायचे केव्हा, हा प्रश्न गंभीर होतो. त्याची कसोटी मे २०२१ मध्ये लागली. मल्याळम 'बिग बॉस'च्या तिसऱ्या पर्वाचे चित्रीकरणही याच ईव्हीपी फिल्म सिटीत चालू होते. करोनाच्या दुसऱ्या लाटेमुळे तामिळनाडूत टाळेबंदी होती, तरीही काम थांबले नव्हते. चित्रीकरणाशी संबंधित काही कर्मचाऱ्यांना लागण झाल्याचे आढळल्यानंतर महसूल अधिकाऱ्यांनी जागेला टाळे ठोकले आणि स्पर्धकांना हॉटेलात हलविण्यात आले. स्पर्धा ९५ दिवसांवर थांबली. विजेता प्रेक्षकांच्या मतांवर ठरला आणि अंतिम सोहळा १ ऑगस्ट रोजी दाखविण्यात आला. काम वाहिनीने नव्हे, प्रशासनाने थांबविले, हे येथे नमूद करावेसे वाटते. पडद्यामागे राबणाऱ्या कामगारांची संख्या कोणत्याही मानांकनात येत नाही.

मापकयंत्राबाहेरचा प्रेक्षक

भ्रमणध्वनीवर पाहणारा प्रेक्षक बार्कच्या दूरचित्रवाणी मोजणीत येत नाही. वाहिन्यांनी त्याचा हिशेब स्वतंत्रपणे मांडण्यास सुरुवात केली आहे. २०१९ च्या पर्वापासून 'बिग बॉस तमिळ'चे मतदान हॉटस्टारच्या ॲपवर आले. जानेवारी २०२२ मध्ये 'बिग बॉस अल्टिमेट' हे पर्व केवळ तेथेच, चोवीस तास दाखविण्यात आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या सहाव्या पर्वापासून मुख्य कार्यक्रमाचेही चोवीस तास प्रक्षेपण होऊ लागले. कमल हासन २०२४ मध्ये बाजूला झाल्यावर आठव्या पर्वाची सूत्रे विजय सेतुपती यांच्याकडे आली.

मराठी प्रेक्षकांनीही पर्वांची अशी काटछाट अनुभवली आहे. कलर्स मराठीवरील 'बिग बॉस मराठी'चे २०२३ मध्ये पर्वच झाले नाही आणि रितेश देशमुख यांच्या सूत्रसंचालनाखालील पाचवे पर्व ६ ऑक्टोबर २०२४ रोजी सत्तर दिवसांतच संपले. त्याच दिवशी हिंदी 'बिग बॉस'चे अठरावे पर्व सुरू झाले.

चेन्नईत याच वर्षी आणखी एक घडामोड झाली. 'कुक्कू विथ कोमाली'चे परीक्षक वेंकटेश भट आणि निर्मितीसंस्था मीडिया मेसन्स यांनी विजय टीव्हीची साथ सोडली आणि मे २०२४ मध्ये 'टॉप कुक्कू डूप कुक्कू' हा त्याच धाटणीचा कार्यक्रम आणला. तो प्रसारित झाला सन टीव्हीवर, जेथे तीन वर्षांपूर्वी 'मास्टरशेफ'चे एकमेव पर्व झाले होते.