दुष्काळ आणि सोलापूरचा माग



दुष्काळाचा इतिहास आपण शेतकऱ्याच्या बाजूने ऐकतो, आणि ते रास्तच आहे. परंतु पाऊस चुकला की शेतकऱ्यापाठोपाठ त्याच्या गिऱ्हाइकीवर जगणारा शिंपी, कासार, विणकर मोडतो. घाटनांदूरच्या बाजारकऱ्यांस हे मी काय सांगावे? ज्वारी महागली की घरधनी आधी नवे लुगडे रहित करतो.

याचा जुना दाखला सोलापूरचा आहे. १८७७ साली तेथे कापडगिरणी निघाली, तरी हातमाग बुडाला नाही. गिरणीचे सूत घेऊन विणकर रंगीत काठापदराची लुगडी विणी आणि तग धरी. १८९६-९७ च्या दुष्काळात मात्र तो कोलमडला. पुष्कळ विणकर व्यापाऱ्याकडून उधार सूत आणीत व कापड त्यालाच देत. कापडाचा उठाव थांबला, तसे सूतही थांबले. विणकराचे कसब शाबूत होते. भांडवल आणि बाजार आटले होते.

सरकारी दुष्काळी काम म्हणजे मुख्यतः खडी फोडणे. धागा सांधणारी बोटे हातोड्याने राठ होत. पोटासाठी माग विकला, तर पुढे पाऊस पडूनही धंदा उभा राहत नसे. लोकमान्य टिळक सोलापुरास गेले आणि व्यापाऱ्यांशी विचारविनिमय करून विणकरांना मदत देण्याची योजना त्यांनी आखली. मुंबई सरकारने ती नाकारली. पुढे १८९८ च्या दुष्काळ आयोगाने विणकरांना त्यांच्याच धंद्यात साहाय्य द्यावे, हे तत्त्व मान्य केले.

१९७२ च्या दुष्काळाने रोजगार हमीला बळ दिले. १९७७ साली तिचा कायदा झाला. कामगार संघटनेचा माणूस म्हणून त्या कायद्याचे मोल मी जाणतो. परंतु ते काम कुदळ-फावड्याचे. त्याने शिंप्याचे यंत्र फिरत नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर शहरी फेरीवाल्यांना दहा हजार रुपये कर्जाची योजना निघाली. भांडवलाची सोय झाली. पण गिऱ्हाइकाचा खिसाच रिकामा असेल, तर भरलेला माल घ्यायचा कोणी?

म्हणून हलाखीच्या वर्षी शाळेचे गणवेश गावच्या शिंप्याने शिवावेत, बाके गावच्या सुताराने करावीत, आणि पैसे वेळेवर चुकते व्हावेत. ही मागणी आपण एकजुटीने केली पाहिजे. माग एकदा विकला गेला की नुसत्या पावसाने तो परत येत नाही.